फळीवरची बेगमी

घोड्याच्या हाडाची ती सुई जेमतेम वीतभर लांब, टोकाला निमुळती आणि वापरून वापरून पिवळट झालेली. परीक्षक ती डुकराच्या वाळवलेल्या फऱ्यात खुपसतो, तत्क्षणी बाहेर ओढतो आणि नाकाखालून फिरवतो. बोटावरचा चरबीचा फराटा त्या भोकावर ओढला की पुढची जागा. एका फऱ्याच्या ठरलेल्या पाच जागी हे होतं, आणि सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. हाड सच्छिद्र असतं. वास चटकन धरतं आणि तितक्याच चटकन सोडतं, त्यामुळे एका जागेचा वास दुसरीत मिसळत नाही. कुठे हाडाजवळ मांस आतून बिघडलेलं असेल तर ते यंत्राच्या आधी या नाकाला कळतं. नाक नापसंत म्हणालं, तर वर्षभराहून जास्त सांभाळलेला तो फरा बाद.

हे चालतं इटलीत, पार्मा शहराच्या दक्षिणेला, लांगिरानो गावाच्या आसपासच्या टेकड्यांत. ‘प्रोशुत्तो दी पार्मा’ हे नाव लावायचं तर हॅम याच पट्ट्यात मुरलेलं असावं लागतं. व्हिया एमिलिया या जुन्या रोमन रस्त्यापासून किमान पाच किलोमीटर दक्षिणेला, नऊशे मीटर उंचीच्या आत, एन्झा आणि स्तिरोने या दोन नद्यांच्या मध्ये. मी गेले ती डिसेंबरात. गावातल्या इमारती बाहेरून एखाद्या शाळेच्या वाटाव्यात अशा, पण खिडक्या उभट, अरुंद आणि ओळीने एकसारख्या. त्या केव्हा उघडायच्या आणि केव्हा लावायच्या, हे वारा बघून ठरवतात. आत फऱ्यांच्या रांगाच रांगा टांगलेल्या. कातडीच्या बाजूला ओलं मीठ, उघड्या मांसाला कोरडं मीठ, मग आठवडाभर थंडीत, मग पुन्हा मीठ. त्यानंतर दोन-अडीच महिने नुसती विश्रांती. मग धुणं, वाळवणं, उघड्या भागाला चरबी, तांदळाचं पीठ आणि मिरपूड यांचा लेप, आणि तळघर. पहिल्या मिठापासून किमान 14 महिने. पाणी निघून जाऊन वजन चतुर्थांशाहून अधिक घटतं. सामग्रीच्या यादीत शेवटपर्यंत दोनच गोष्टी राहतात, डुक्कर आणि मीठ. नायट्राइटसुद्धा चालत नाही. सुईची परीक्षा पार पडली की कातडीवर पाच टोकांचा मुकुट डागून उमटवतात.

आणि मग हा फरा काप-काप होऊन जगभरच्या दिवाणखान्यांत पोचतो. नाताळच्या आठवड्यात लाकडी फळीवर त्याची चुणी घालून ठेवतात, शेजारी दोन-तीन चीज, सलामी, ऑलिव्ह, द्राक्षं, बदाम. यालाच शार्कुटरी बोर्ड म्हणतात. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या घरगुती पार्ट्यांत त्याची चलती आहे. करायला सोपा, फोटोला देखणा, आणि यजमानीण गॅससमोर अडकून न पडता पाहुण्यांत बसू शकते. हा तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे घरातल्या बाईने शेवटची पोळी संपेपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहणं, हे इतकं अंगवळणी पडलंय की तिने सगळ्यांबरोबर पहिला घास घेतला तर पाहुणेच अवघडतात.

पण या चलतीने बोर्डाचा घोळही करून ठेवला. करोनाच्या काळात अमेरिकेत याचं वेड पसरलं. एकत्र बसून खाणं बंद, तेव्हा प्रत्येकाला वेगळ्या बरणीत सगळं भरून देण्याची टूम निघाली. वाइनच्या ग्लासाच्या कडेवर सलामीचे काप दुमडत जाऊन, ग्लास उपडा करून गुलाब काढायचा, ही करामत तर घरोघरी पोचली. 2022 मध्ये फळीवर नुसतं लोणी थापून त्यावर फुलं पसरायची लाट आली आणि ओसरली. या सगळ्यात फळीवरचा रिकामा इंच म्हणजे यजमानाचा कमीपणा, असं काहीतरी होऊन बसलं. चॉकलेटं, मार्शमेलो, प्रेट्झेल, पॉपकॉर्न, मधूनमधून सलामीचे गुलाब. दिसतं झकास. खाताना मात्र जिभेला काही समजत नाही. गुलाबाचं म्हणाल तर सलामीचे आठ-दहा काप एकमेकांत घट्ट दाबले की ते घासात गोळा होऊन येतात, आणि पातळ कापण्यामागचा सगळा हेतूच जातो.

बोर्ड रंगांनी मांडायचा नसतो, वयाने मांडायचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे. ते पटायला हा पदार्थ नाताळशीच का जोडला गेला, हे बघावं लागतं.

युरोपातल्या शेतकरी घरात डुक्कर मारायचा मोसम नोव्हेंबरात सुरू होई. 11 नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण, हा त्याचा ठरलेला मुहूर्त. शरदात ओकची फळं आणि शेतातलं उरलंसुरलं खाऊन जनावर सर्वांत पुष्ट झालेलं, पुढे हिवाळाभर त्याला घालायला चारा नाही, आणि हवा इतकी थंड की मांस मिठात मुरेपर्यंत नासत नाही. तीन कारणं एकाच महिन्यात जुळून येत. त्या दिवसापासून घरात घड्याळ लागे. रक्त आणि काळीज टिकत नाही, म्हणून रक्ताचं सॉसेज आणि काळजाचा पाते आधी संपवायचा. बारीक मांस, मीठ आणि मिरी आतड्यात भरून टांगायचं, ते काही आठवड्यांनी खाण्याजोगं होई. फरे मात्र पुढच्या वर्षासाठी. नाताळच्या मेजावर म्हणून एकाच वेळी तीन काळ येत: परवाचा पाते, महिन्याभरापूर्वीची सलामी आणि गेल्या वर्षीचं हॅम. ही घरची बेगमी होती. सणाला कोठार उघडून पाहुण्यांसमोर ठेवायचं, इतका साधा व्यवहार.

शहरात हे काम धंदा झालं. पॅरिसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस विकणाऱ्यांच्या संघाला 1476 मध्ये सनद मिळाली. त्यांना स्वतः जनावर मारायची मुभा नव्हती, मांस खाटकाकडूनच घ्यावं लागे. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत मांसविक्री बंद, तेव्हा हीच मंडळी खारवलेले मासे विकून दुकान चालवत. टेरीन, रियेत, सोसिसॉं हा सगळा फ्रेंच संसार या दुकानांतून वाढला, आणि सोबतीला आंबट काकड्या, लोणी आणि जाड सालाचा पाव एवढंच. फ्रान्समध्ये आजही कुणी साधी फळी पुढे ठेवली तर तिच्यावर चार-पाच वस्तूंपलीकडे काही सापडत नाही.

चीजचंही पंचांग असतं. इंग्लंडमध्ये नाताळला स्टिल्टन हवंच. डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांतच ते बनवता येतं. गंमत म्हणजे स्टिल्टन हे गाव या तिन्हींच्या बाहेर पडतं, त्यामुळे स्वतःच्या नावाचं चीज करायला त्याला कायद्याने बंदी आहे. हे निळ्या बुरशीचं चीज साधारण अडीच-तीन महिने मुरतं. उन्हाळ्याच्या शेवटी गायी चांगल्या चरलेल्या असतात, त्या दुधाचं चीज बरोबर डिसेंबरात तयार होतं. स्पेनमध्ये नाताळच्या भेटीच्या टोपलीत इबेरिको हॅम मानाचं. तिथली काळपट डुकरं ओकच्या माळरानात शरदापासून ओकची फळं खात हिंडतात. त्या खाण्यामुळे चरबीत ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल भरपूर उतरतं आणि काप ताटलीतच पाघळायला लागतो. 2014 पासून तिथे हॅमच्या खुरापाशी चार रंगांपैकी एक पट्टी असते. काळी पट्टी म्हणजे निखळ इबेरियन जातीचं आणि ओकची फळं खाऊन वाढलेलं जनावर. बाकीच्या तीन रंगांत किंमत उतरत जाते, आणि विक्रेता नेमका त्या तिन्हींबद्दलच अघळपघळ बोलतो.

तर मांडणी. आठ-दहा माणसांसाठी तीन वयांचं मांस आणि तीन वयांचं चीज. मांसात पाते किंवा उकडलेलं हॅम सर्वांत कोवळं, सलामी मधली, प्रोशुत्तो किंवा इबेरिको थोरलं. चीजमध्ये बकरीच्या दुधाचं ताजं, मग तीन-चार आठवड्यांचं कामांबेर, मग वर्ष-दोन वर्षांचं काहीतरी कडक, ज्यात दाताखाली पांढरे कण कुरकुरतात. ते कण मिठाचे नसतात. प्रथिनं तुटून सुटलेल्या अमिनो आम्लांचे ते स्फटिक, म्हणजे चीजच्या वयाचा दाखलाच. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कोवळ्याकडून जुन्याकडे जायचं. कोवळ्याला मऊ पाव, जुन्याला फळ किंवा मध. हे एकदा ठरलं की कुठली वस्तू कुठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही. पुढे जेवण असेल तर माणशी 50-60 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर दुप्पट धरावं.

हॅम किती पातळ कापलंय यावर त्याची अर्धी चव अवलंबून असते. रॉटरडॅमच्या विल्हेल्म व्हान बेर्केल या खाटकाने 1898 मध्ये गोल पात्याचं, हाताने फिरवायचं यंत्र काढलं. आजही इटलीतली जुनी दुकानं ते लालभडक यंत्र दर्शनी भागात मिरवतात. पातं सावकाश फिरतं, त्यामुळे तापत नाही आणि चरबी वितळून चिकटत नाही. दुकानदार एकेक काप दोन बोटांवर झेलून कागदावर पसरतो, कापावर काप येऊ देत नाही. आपल्याकडे हॅम बहुधा पाकिटात येतं, काप एकमेकांना घट्ट चिकटलेले. तेव्हा पाकीट फ्रिजमधून काढून पाच मिनिटं थांबावं आणि मग काप सोडवावेत. गार असताना ओढले तर फाटतात. सोडवलेला काप सैल चुणी घालून ठेवायचा, घडी घालायची नाही.

चीज खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, असं सगळी इंग्रजी पुस्तकं सांगतात. तो तास लंडनच्या खोलीतला. मुंबईत डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपार जातो, तिथे मऊ चीजला पंधरा मिनिटं बास. पुण्याच्या थंडीत अर्धा तास. त्याहून महत्त्वाचा नियम फळी उचलण्याचा. मांस आणि मऊ चीज दोन तासांवर बाहेर राहू नये, आणि 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. म्हणून सगळं एकदम न मांडता निम्मं फ्रिजमध्ये ठेवावं आणि फळीवरचं निम्मं संपलं की भर घालावी. घरात कुणी गरोदर असेल तर पाते आणि मऊ, बुरशीचं चीज तिच्या टोकापासून लांब. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

आता आपल्या घरातला खरा प्रश्न. पाहुण्यांपैकी निम्मे शाकाहारी, एखादा डुक्कर न खाणारा, एखादी मार्गशीर्षातल्या गुरुवारामुळे आज काहीच न खाणारी. फळ्या दोन करायच्या, सुऱ्या वेगळ्या, चिमटे वेगळे, हे उघड आहे. (हॅमसाठी घरातला पोळपाट घेऊ नये. आकाराला, उंचीला तो अगदी चपखल बसतो, हे मान्य. पण सासूबाई दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटणार नाहीत.) ब्रेसाओला हे इटालियन वाळवण गोमांसाचं असतं, म्हणून महाराष्ट्रातल्या फळीवर त्याचा विचारच नको. फ्वा ग्रा 2014 पासून भारतात आयात करता येत नाही, आणि बदकांच्या घशात नळी घालून त्यांना कसं चारतात हे वाचल्यावर मला तरी त्याची उणीव भासलेली नाही.

फसगत होते ती शाकाहारी फळीवर. पार्मिजानो रेज्जानो हे नियमाप्रमाणे वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध साकळवूनच करावं लागतं. त्यात सूट नाही. बरीच पारंपरिक युरोपीय चीजं याच वाटेने जातात. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनच्या मराठी घरात डिसेंबरात फळी मांडली जाते, तेव्हा मांस पलीकडच्या टेबलावर हलवलं की काम झालं असं सगळे समजतात, आणि शाकाहारी काका निर्धास्तपणे पार्मिजानोचे तुकडे मधात बुडवत असतात. ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांत शाकाहारींना चालेल असं वेष्टनावर लिहिलेलं सापडतं. अमेरिकेत नुसतं ‘एन्झाइम्स’ एवढंच छापतात आणि ते कुठून आले हे विचारावं लागतं. भारतात हिरवा ठिपका बघितला की झालं. इथली बहुतेक चीजं सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने करतात. मग खुशाल पुण्याच्या एबीसी फार्म्सचं घ्या, कोडाईकनालचं घ्या, ऑरोव्हिलचं घ्या. मुंबईत एलेफ्थेरिया ही छोटी चीजशाळा नॉर्वेच्या धर्तीचं ब्रुनोस्ट करते. चीज निथळल्यावर उरलेली निवळी आटवून आटवून केलेलं, तपकिरी, खरपूस गोड. वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये त्याला पारितोषिक मिळालंय. खवा आवडणाऱ्या मराठी माणसाला ते पहिल्याच घासात आपलं वाटतं. कोवळ्या टोकाला सुरती टोपली पनीर ठेवावं, त्याच्या निवळीतून काढून, वर मिरपूड घालून.

मांसाच्या बाजूला आपल्या किनाऱ्याची खरी भर म्हणजे गोव्याचं चोरीस. पोर्तुगीज आपलं सॉसेज घेऊन आले, पण लांगिरानोचा कोरडा वारा काही आणू शकले नाहीत. कोकणच्या दमट हवेत नुसत्या मिठावर मांस वाळायच्या आधी सडेल. मग माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, सुकी लाल मिरची आली, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी आली. आंबटाने आणि उन्हाने ते काम केलं जे तिकडे थंडीने केलं होतं. पावसाआधी कडक उन्हात मांस वाळवून माळा भरायच्या आणि पावसाळाभर पुरवायच्या, हा तिथल्या पुरुमेंताचा, म्हणजे बेगमीचा, ठरलेला भाग. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लालभडक मणी दोऱ्यात ओवावेत तशा या माळा लटकलेल्या असतात. हात लावला की बोटं तेलकट लाल होतात आणि तो वास संध्याकाळपर्यंत जात नाही. फळीवर ठेवताना एकच गोष्ट विसरायची नाही. हे चोरीस सलामीसारखं कच्चं खायचं नसतं, नीट शिजवावंच लागतं. आतडं काढून, मांस थोड्या पाण्यात कांद्याबरोबर शिजवून, स्वतःच्याच चरबीत परतून वाटीत ठेवावं, आणि शेजारी पोय या गोव्याच्या पावाचे तुकडे. गार फळीवर ही एकच गरम वाटी असली की पाहुणे पहिल्यांदा तिच्याकडेच वळतात.

आणि पेराद, म्हणजे पेरूची वडी. स्पेनमध्ये मेंढीच्या दुधाच्या मांचेगोबरोबर क्विन्स या फळाची वडी खातात. पोर्तुगालात त्याच फळाची ‘मार्मेलाद’. या किनाऱ्यावर क्विन्स पिकत नाही, पेरू मात्र मुबलक. ब्राझीलमध्येही पोर्तुगिजांनी पेरूच निवडला आणि तिथे पेरूची वडी आणि पांढऱ्या चीजचा काप या जोडीला रोमियो-ज्युलिएटचं नाव पडलं. आपल्याकडे वसईत, वांद्र्यात आणि गोव्यात ती वडी नाताळच्या कुस्वारात, म्हणजे गोडाधोडाच्या ताटात, येऊन बसली. वसई पोर्तुगिजांकडे 1534 मध्ये गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली. किल्ला बदलला, कढई तशीच राहिली.

वसईच्या एका वाडीत नाताळच्या तोंडावर ही कढई बघायला बसले होते. बिया गाळून घेतलेला पेरूचा गर, साखर, लिंबाचा रस, शेवटी लोणी. तासभर ढवळून रंग गुलाबीवरून विटकरीवर गेला तशी मी म्हटलं, “आंटी, झालं ना?”

“कडा सोडल्यात का त्यानं?”

“सोडल्यात की.”

“मग तळ बघ. उलथनं ओढलं की तळ दिसायला पाहिजे, आणि दिसतच राहायला पाहिजे. भरून आला तर अजून झालं नाही.”

त्यानंतर आणखी वीसेक मिनिटं गेली. गोळा लोणी लावलेल्या ताटात ओतून, वर केळीचं पान दाबून गुळगुळीत केला आणि रात्रभर ठेवला. सकाळी शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे. बाजारात ग्वावा चीज म्हणून जे मिळतं ते बहुधा फार गोड आणि चिवट असतं. घरच्या वडीत पेरूचा रवाळपणा शिल्लक राहतो आणि लिंबाचा आंबटपणा मागून येतो. गोव्यात आणि वसईत ती चीजबरोबर खायची फारशी चाल नाही, करंज्या-कलकलांबरोबर ताटात जाते. पण मुरलेल्या कडक चीजच्या कापावर तिचा पातळ तुकडा ठेवून बघा. क्विन्सच्या आयात डबीसाठी मोजलेले पैसे वाया गेले असं वाटेल.

बाकीची सोबत मोसमातूनच घ्यावी. हॅमबरोबर अंजीर ही इटलीतली जुनी जोडी, आणि पुरंदरचे ताजे अंजीर मिळाले तर दुसरं फळ ठेवूसुद्धा नये. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरात येते, पण ती आंबट आणि पाणीदार असते. ताज्या चीजशी जमते, हॅमशी नाही. तासगावचे बेदाणे निळ्या बुरशीच्या चीजबरोबर उत्तम. पावात इराण्याचा ब्रुन कापून शेकलेला. खाकरा साधा असेल तर चालतो, मेथीचा सगळ्यावर कुरघोडी करतो. ठेचा आणि तेलाचं लोणचं या फळीवर नको. मला दोन्ही प्रिय आहेत, पण 14 महिन्यांच्या मिठाची चव मिरचीपुढे अर्धा मिनिटही टिकत नाही. आंबट हवं तर कांद्याच्या चकत्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवाव्यात.

हे रोजचं खाणं नव्हे, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशोब आहे. शेतकऱ्याच्या घरी हॅमचा काप सणाला निघायचा. आता तो पाकिटातून कुठल्याही मंगळवारी निघतो, आणि त्रास तिथून सुरू होतो.

पाहुणे गेल्यावर फळीवर दोन तासांहून जास्त राहिलेलं मऊ चीज आणि पाते टाकून द्यावं, जीव तुटला तरी. कडक चीज कोरडं पडतं, बिघडत नाही. ते प्लॅस्टिकऐवजी बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवावं. त्याची साल फेकू नये, टोमॅटोच्या साराला उकळी येताना आत सोडावी आणि वाढायच्या आधी काढून घ्यावी. फ्रिजमध्ये राखलेल्या हॅमचे फाटके काप दुसऱ्या दिवशी ऑम्लेटात जातात, मीठ न घालता. चोरीस उरत नाही. उरलंच तर सकाळी पावात भरून, उभ्या उभ्या.